४० हजारात टॅब, नवीन आय-थ्री की वापरलेला आय-फाइव्ह? माझं उत्तर

तुझा प्रश्न वाचला. बहीण चिपळूणहून ठाण्याला बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला चाललीये, बजेट ४० हजार, आणि तीन गोष्टी समोर आहेत: नवीन आय-थ्री (इंटेलचा प्रोसेसर) आणि ८ जीबी रॅमवाला लॅपटॉप, कीबोर्ड लावलेला टॅब, नाहीतर कंपन्यांमधून निघालेला वापरलेला आय-फाइव्ह. त्यात यूट्यूबवर टॅबचा स्कोअर लॅपटॉपपेक्षा जास्त दिसला म्हणून तू गोंधळलायस, ते साहजिक आहे.

आधी त्या स्कोअरचं बोलू. गीकबेंचसारखी वेग मोजणारी टेस्ट काही मिनिटांत संपते, आणि प्रत्येक छोट्या टेस्टनंतर थोडी उसंतपण देते. टॅबला पंखा नसतो, चिप पहिली दोन-चार मिनिटं जोरात पळते मग गरम होऊन स्वतःच वेग उतरवते, पण तोपर्यंत स्कोअर लागून गेलेला असतो. शिवाय गीकबेंचच्या व्हर्जन ५ चा आकडा आणि व्हर्जन ६ चा आकडा शेजारी ठेवायचाच नसतो, दोन्हीची मोजपट्टीच वेगळी आहे, आणि व्हिडिओत हे सर्रास करतात. पण स्कोअर खरा धरला तरी मुद्दा तो नाहीच, तिला सी, जावा, डेटाबेस करायचंय, पुढे अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) लागेल, ते टॅबवर चालतच नाही. २०२१ च्या आयपॅड प्रोमधे तीच एम-वन चिप आहे जी २०२० च्या मॅकबुक एअरमधे आहे, तरी मॅकबुकवर अँड्रॉइड स्टुडिओ टाकता येतो आणि आयपॅडवर नाही. टॅब नोट्स काढायला, पीडीएफ वाचायला फार छान असतो, पण दुसरं डिव्हाइस म्हणून. एकच घ्यायचं असेल तर टॅब बाद.

आता आय-थ्री की आय-फाइव्ह. इथेच लोक सगळ्यात जास्त फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. आय-थ्री, आय-फाइव्ह, आय-सेव्हन ही नुसती पाटी आहे, पुढचा नंबर वाचल्याशिवाय काही कळत नाही. त्या नंबरातले पहिले एक-दोन आकडे म्हणजे जनरेशन, प्रोसेसरची पिढी. सातव्या जनरेशनचा आय-सेव्हन ७६००यू दोन कोअरचा (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा भाग) आहे, आणि त्याच्या पुढचा आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह ८२५०यू चार कोअरचा. म्हणजे जुना आय-सेव्हन हा नंतरच्या आय-फाइव्हपुढे अर्धा, आणि बाराव्या जनरेशनचा आय-थ्री १२१५यू तर सहा कोअरचा आहे (दोन मोठे, चार छोटे), तो त्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. तरी दुकानदार "आय-सेव्हन आहे साहेब, १८ हजारात" म्हणाला की माणूस खूश होतो. सातव्या किंवा त्याच्या आधीच्या जनरेशनचं काहीही घेऊ नकोस, विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्यापासून पुढे चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरमधेपण तेच. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, एका आकड्याचा फरक वाटतो ना? पहिला चार कोअरचा आणि जुन्या झेन-२ डिझाइनवरचा, दुसरा सहा कोअरचा झेन-३ वरचा. ७००० सिरीजमधे तिसरा आकडा बघायचा, तो कोअरची पिढी सांगतो.

मग नवीन आय-थ्री १२१५यू वाईट आहे का, तर अजिबात नाही, प्रोसेसर म्हणून चांगलाच आहे. अडचण त्याच्या आजूबाजूच्या सामानाची. या किमतीत ८ जीबी रॅम देतात, ती काही मॉडेलमधे बोर्डवर सोल्डर केलेली असते आणि वाढवायला जागा नसते. विंडोज ११ नुसतं सुरू झालं तरी साडेतीन-चार जीबी खातं, ग्राफिक्सपण त्याच रॅममधून घेतं, वर क्रोमचे दहा टॅब आणि अँड्रॉइड स्टुडिओचा एम्युलेटर (लॅपटॉपवर चालणारा नकली फोन) लावला की मशीन रॅममधलं सामान एसएसडीवर, म्हणजे स्टोरेजवर, ढकलत बसतं. गूगलनेच एम्युलेटरसाठी १६ जीबी सुचवलीये. वेळ जातो तो प्रोसेसर कमी पडल्यामुळे नाही, रॅम कमी पडल्यामुळे, आणि ही गोष्ट कुठल्याच जाहिरातीत दिसत नाही. स्क्रीनपण बघ, बऱ्याच स्वस्त लॅपटॉपला २५० निट्सची (निट म्हणजे उजेडाचं माप) फिकट स्क्रीन असते, रोज पाच-सहा तास डोळे त्याच्यावर राहणार आहेत.

म्हणून माझं मत वापरलेल्या बिझनेस लॅपटॉपकडे झुकतं. डेल लॅटिट्यूड ५४२० किंवा एचपी एलिटबुक ८४० जी८, दोन्ही अकराव्या जनरेशनचे, दोन्हीत रॅमचे दोन स्लॉट, उघडायला सोपे, कीबोर्ड दणकट. लेनोव्होचा टी४८० पण भारी मशीन आहे पण तो आठव्या जनरेशनचा, म्हणजे अगदी काठावरचा, चार वर्षांसाठी मी नाही घेणार. हिशोब असा मांड: समज मशीन २८ हजार, नवीन बॅटरी ४ हजार, ८ ची रॅम १६ करायला ३ हजार, झाले ३५, चार वर्षांनी भागलं तर वर्षाला पावणेनऊ हजार. नवीन ४० चा घेतला तर वर्षाला दहा, आणि तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या वेळीच तो रखडायला लागेल. रॅमचा भाव सारखा वरखाली होतो, त्यामुळे शक्यतो दुकानदाराकडूनच १६ करून घे.

पण वापरलेलं घेताना एक गोष्ट जिवाला लावून तपास. माझ्या भाच्याने असाच एक लॅपटॉप घेतला, तीन आठवडे मस्त चालला, मग त्याने विंडोज रिसेट केली आणि समोर कुठल्याशा कंपनीचं लॉगिन आलं, पुढे जाताच येईना. मशीन त्या कंपनीच्या सिस्टीममधून काढलेलंच नव्हतं. दुकानाने हात वर केले, पोराचे साठवलेले पैसे अडकले, मला अजून त्याचं वाईट वाटतं. म्हणून दुकानातच, इंटरनेट जोडून, तुझ्यासमोर विंडोज रिसेट करायला लाव. अर्धा-पाऊण तास जाईल, जाऊ दे. बायोसमधे (विंडोजच्या आधी उघडणारं सेटिंग) जाऊन पासवर्ड मागतोय का बघ. मग कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढ, त्यात मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता दोन्ही दिसतात, आत्ताची ७० टक्क्यांच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे भावातून कमी करून माग. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरने एसएसडीची हेल्थ बघ. बिल जीएसटीचं घे, वॉरंटी लेखी घे.

वापरलेला एम-वन मॅकबुक एअर बजेटात बसतोय असं खाली एकाने लिहिलंय. बॅटरी आणि वेगाला तोड नाही, पण या भावात ८ जीबीचाच मिळेल आणि त्यात रॅम, स्टोरेज काहीच वाढत नाही. कोडिंगसाठी मी टाळेन.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असशील तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतर, आणि रविवारी जाऊ नको, बरीच दुकानं बंद असतात. बहिणीला सोबत ने, कीबोर्डवर तिलाच दहा मिनिटं टाइप करू दे. आणि दुकानदार जे मॉडेल दाखवेल त्याचा प्रोसेसरचा पूर्ण नंबर पैसे द्यायच्या आधी इथे टाक, मी दिवसभर ऑनलाइन आहे, लगेच बघून सांगतो.