लॅम्प्रेवर पीएचडी करायची म्हणते लेक, काय सांगू तिला?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक टीवाय बीएस्सीला, विषय झूलॉजी, कॉलेजच्या लॅबमध्ये बरणीतला लॅम्प्रे बघितल्यापासून बिनजबड्याच्या माशांच्या गर्भावरच पीएचडी करायची म्हणून बसलीये, आणि घरचे विचारतायत की मासे बघून पोट भरतं का. प्रश्न रास्त आहे. पण तुम्ही जाता जाता लिहिलंय ना, की तिने खुडूक कोंबडीखालचं तिसऱ्या दिवसाचं अंडं वाटीत फोडलं, त्यात लाल ठिपका धडधडताना बघत तासभर बसली आणि आजी रागावल्या, मला सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं.

आधी सांगते, हे खूळ नाहीये. लॅम्प्रे दिसायला वामसारखा, पण तोंड गोल चकतीसारखं, जबडा नाहीच, आणि डोळ्यामागे दोन्ही बाजूंना सात-सात भोकं. मासे, बेडूक, कोंबडी, आपण, या सगळ्या जबडावाल्यांपासून त्याची वाट साधारण ५० कोटी वर्षांपूर्वी फुटली, त्यामुळे त्याच्या आणि कोंबडीच्या गर्भात जे सारखं दिसतं ते बहुतेक आपल्या सगळ्यांच्या पूर्वजातच होतं असं धरता येतं. आता गंमत बघा, गर्भात मज्जारज्जू तयार होताना त्याच्या कडेच्या काही पेशी सुटतात आणि चालत चालत लांब जातात, त्यांना न्यूरल क्रेस्ट म्हणतात, आपला जबडा, चेहऱ्याची बरीच हाडं, कातडीच्या रंगाच्या पेशी, आतड्यातल्या नसा हे सगळं त्यांच्यापासून होतं. लॅम्प्रेत या पेशी आहेत पण जबडा नाही! २०१७ मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठाच्या मारियान ब्रॉनर यांच्या लॅबने दाखवलं की आपल्या आतड्यात मानेकडून ज्या पेशी उतरतात त्या लॅम्प्रेत सापडतच नाहीत, तिथे धडाकडच्या पेशी नसांच्या कडेकडेने उशिरा आतड्यात पोचतात. याचा उपयोग काय विचाराल, तर काही बाळांच्या आतड्याच्या शेवटच्या भागात या पेशी पोचत नाहीत, बाळाला शी होत नाही, ऑपरेशन करावं लागतं. त्या आजाराला हिर्शस्प्रंग म्हणतात. पेशी कुठून कशा जातात हे कळल्याशिवाय त्यावर पुढे जाता येत नाही.

आता अवघड बाजू. आपल्या नद्यांत लॅम्प्रे नाही. तो आयुष्यात एकदाच अंडी घालतो आणि मरतो, पिल्लं कित्येक वर्षं चिखलात राहतात, म्हणजे लॅबमध्ये पिढ्या वाढवणं जमत नाही. अमेरिकेतल्या लॅब ग्रेट लेक्स भागातून पकडलेले मोठे लॅम्प्रे मागवतात, मग उन्हाळ्याच्या तोंडावर काही आठवडे मिलिमीटरभर अंड्यांवर रात्रंदिवस काम, आणि चुकलं की थेट पुढच्या वर्षी. त्याचा भाऊबंद हॅगफिश तर अजून वाईट, त्याचे गर्भ जवळजवळ शंभर वर्षं कुणाला धड मिळालेच नव्हते, २००७ मध्ये जपानमध्ये कोबेला कुरातानी या शास्त्रज्ञांच्या टीमने टाकीत अंडी मिळवून कित्येक महिने थांबून ते केलं. इतका धीर लेकीकडे आहे का हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

म्हणून माझं मत, लॅम्प्रे हे नाव दोन-तीन वर्षं बाजूला ठेवू दे आणि आधी गर्भ हाताळायला शिकू दे. एमएस्सी, सोबत नेट (संशोधनाच्या शिष्यवृत्तीची देशपातळीवरची परीक्षा) आणि टीआयएफआर या मुंबईच्या संशोधन संस्थेची जेजीबिल्स ही पीएचडीची प्रवेश परीक्षा द्यायची. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत हायड्रा या पाण्यातल्या इवल्याशा जिवावर, मुंबईत टीआयएफआरला झेब्राफिशवर असं काम झालंय, तिथे प्रोजेक्टसाठी ईमेल करू दे, एकाने उत्तर दिलं नाही तर दुसऱ्याला. खर्चाची काळजी लिहिलीत, तर नेटमधून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळाली की महिना ३७,००० रुपये मिळतात, पीएचडीला घरून पैसे घालायला लागत नाहीत. परदेश नंतर, पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाला. आणि मधेच मन बदललं तरी गर्भावर बसलेला हात आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) लॅबमध्येही कामी येतो, थोडं वेगळं ट्रेनिंग घ्यावं लागेल इतकंच. प्रोफेसर होण्याच्या जागा मात्र कमी आहेत, हे तिच्यापासून लपवू नका.

कोंबडी परत खुडूक बसली की आजींना आधी विचारून तीन-चार अंडी तिला द्या, रोज एक उघडून जे दिसेल ते तारखेसकट वहीत काढायला सांगा, आणि ती वही घेऊन दोघी मला भेटायला या.