‘ते सगळं हेच बघतात’

‘ताई, २०२० च्या जानेवारीत चिनी नववर्षाच्या सुट्टीत मी पंधरा दिवसांसाठी साताऱ्याला आले. दोन बॅगा आणि चार वर्षांचा मुलगा. हे चीनमध्ये, सुझौलाच राहिले. मग करोना आला, आणि पुढची अडीच वर्षं आमची भेट फोनवरच. शेवटी २०२२ मध्ये हे नोकरी सोडून परत आले. आता नव्या कंपनीनं पुन्हा तिकडेच जायला सांगितलंय. आम्ही जावं का? पुन्हा दार बंद झालं तर? व्हिसा-परवान्यातलं मला काही कळत नाही, ते सगळं हेच बघतात.’

पत्रात आणखी तीन प्रश्न आहेत, त्यांच्याकडे शेवटी वळते.

जा गं. तुझ्या हातचं काही चुकलं म्हणून तू अडकली नव्हतीस, त्यामुळे तो घोर आता मनातून काढ. पण ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, आणि त्यावरून मला तुला रागवायचंय.

आमच्याकडेही सगळं हेच बघायचे.

आम्ही वूशीला होतो, तुझ्या सुझौपासून रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. आमचं नेमकं उलटं झालं. त्याच जानेवारीत सासऱ्यांच्या पंचाहत्तरीसाठी हे एकटे सांगलीला गेले. नववर्षाची तिकिटं महाग म्हणून मी आणि मुलगी मागे राहिलो. आठ दिवसांचं काम होतं. २२ मार्चला आपल्याकडे परदेशी विमानं उतरायची थांबली. २६ तारखेच्या रात्री चीननं जाहीर केलं की २८ पासून परदेशी माणसाला प्रवेश नाही, पासपोर्टवर राहण्याचा परवाना असला तरी नाही. मध्ये उरला एक दिवस. जे युरोप-अमेरिकेत होते त्यांनी निदान विमानतळाकडे धाव तरी घेतली. आपल्याकडे तोवर लॉकडाउन लागलेला; सांगलीहून पुण्यापर्यंत पोचायची सोय नव्हती.

आत असलेल्यांना कुणी हाकललं नाही, हे सांगायलाच हवं. उन्हाळ्यात वूशीत शाळा भरत होती, भाजीवाली मुलीच्या हातावर लीची ठेवायची. अट एकच: बाहेर पडलात तर परत येता येणार नाही. माझ्या ओळखीतल्या एकानं आईचा अंत्यविधी फोनवर पाहिला. तो जाऊ शकला असता, कुणी अडवत नव्हतं, पण मागे बायको, दोन मुलं आणि नोकरी होती. असा पेच ज्यानं भोगला नाही त्यानं ‘आईसाठीसुद्धा आला नाही’ असं म्हणू नये. (आमच्या एका नातेवाइकांनी म्हटलं. मी त्यांच्याशी अजून जेवढ्यास तेवढंच बोलते.)

आता मुद्द्यावर येते. माझा आणि मुलीचा परवाना यांच्या परवान्याला बांधलेला, यांचा नोकरीला बांधलेला. मुदत त्या डिसेंबरची. वाढवायची तर माणूस तिथे हवा, कारण पासपोर्ट एक्झिट-एन्ट्रीच्या, म्हणजे परवाने देणाऱ्या कचेरीच्या, खिडकीवर जमा करावा लागतो. माणूस होता सांगलीत. म्हणजे यांची मुदत संपली की आमच्याही पायाखालचं फळकूट गेलं. आणि मला हे कधी कळावं? ऑक्टोबरात, तेही मुलीच्या शाळेनं परवान्याची प्रत मागितली म्हणून. तोवर मी रोज रात्री विचारायची, ‘कधी येताय?’ आणि हे म्हणायचे, ‘पुढच्या महिन्यात.’

त्यात २८ सप्टेंबरला दार किलकिलं झालं होतं. नोकरीचा किंवा कुटुंबाचा परवाना ज्यांच्याकडे चालू होता त्यांना पुन्हा येऊ देत होते. हे म्हणाले, ‘बाबांना बरं वाटेल, दिवाळी करूनच निघतो.’ ३० ऑक्टोबरला दिल्लीहून वूहानला एक विमान गेलं, त्यात १९ जण पॉझिटिव्ह निघाले. ५ नोव्हेंबरला चीनच्या वकिलातीनं भारतातून येणाऱ्यांचा प्रवेश पुन्हा थांबवला. लक्ष्मीपूजन नऊ दिवसांवर होतं. त्या विमानाचं तिकीट यांना मिळालं असतं की नसतं, यावर आमच्या घरी अजून भांडण होतं. मी म्हणते मिळालं असतं.

डिसेंबरात मी आणि मुलगी दोन विमानं बदलून परत आलो. तुळस शेजारच्या आयीला, म्हणजे चिनी मावशीला, दिली. मुलीची सायकल जिन्याखाली राहिली. यांच्या बँक खात्यातले पैसे तर २०२३ पर्यंत अडकले, कारण मधल्या काळात सांगलीत पासपोर्ट नवा झाला, नंबर बदलला, आणि तिकडच्या फोनचं रिचार्ज कुणी केलंच नाही. बँकेचा कोड त्या मेलेल्या नंबरावर जात राहिला.

साथ यांनी आणली नव्हती आणि दारही यांनी लावलं नव्हतं, हे मलाही कळतं. पण डिसेंबरची ती तारीख मला मार्चमध्ये माहीत असती तर मी ‘कधी येताय’ विचारत बसले नसते. ‘ऑक्टोबरपर्यंत नाही आलात तर आम्ही निघतो’ असं सांगितलं असतं, सामान नीट बांधलं असतं, मुलीला मैत्रिणींचा निरोप घेऊ दिला असता.

म्हणून माझं हे वेड. वेडच म्हण. आमच्या कालनिर्णयवर लाल पेनानं पासपोर्ट संपतात त्या तारखा असतात, परवान्यांच्या असतात, घरभाड्याच्या कराराची असते, फोन रिचार्जची असते. घरातले हसतात. नवं कालनिर्णय आलं की फराळाच्या आधी मी तारखा उतरवून घेते. तूही या वर्षीपासून घे, तुझ्या हातानं. मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, तो निघण्याआधी बघ. नवरा एकटा बाहेर जाणार असेल आणि परवान्याची मुदत सरत आली असेल, तर आधी परवाना, मग तिकीट. फोन नंबर आणि बँक खातं तुझ्या स्वतःच्या पासपोर्टवर काढ. तिकडे फोन नंबर नसेल तर भाजीसुद्धा घेता येत नाही, हे तुला मी काय सांगायचं.

कागदांचंही तसंच. ‘आता चीन अपोस्टिलमध्ये आलाय’, म्हणजे एकमेकांचे दाखले एकाच शिक्क्यावर मानायच्या करारात आलाय, असं एजंट सांगेल. २०२३ च्या नोव्हेंबरपासून आला हे खरं, पण भारत आणि चीनमध्ये तो लागू नाही. लग्नाचा आणि मुलाच्या जन्माचा दाखला जुन्याच वाटेनं, चिनी वकिलातीच्या शिक्क्यापर्यंत न्यावा लागतो. आणि दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, असा आपल्या बायकांचा नेहमीचा घोळ तुझ्याकडे असेल तर तो आधी निस्तर. तुझ्याकडे आहेच, पत्राखालची सही आणि पाकिटावरचं नाव वेगळं आहे!

दार पुन्हा बंद होईल का? मी काही पंचांग घेऊन बसलेली नाही. गेल्या खेपेला मार्च २०२१ मध्ये चिनी लस घेतलेल्यांना व्हिसा देऊ म्हणाले, आणि ती लस आपल्याकडे मिळतच नव्हती. कुटुंबांना वाट मिळाली जून २०२२ मध्ये, विद्यार्थ्यांना ऑगस्टमध्ये. उतरल्यावरचं हॉटेलातलं विलगीकरण सुटलं ते ८ जानेवारी २०२३ ला, आणि थेट विमान सुरू व्हायला तर ऑक्टोबर २०२५ उजाडला. यातली एकही तारीख आधी कुणी सांगितली नव्हती. त्यामुळे आपली तारीख आपण ठरवायची. निघण्याआधी दोघं बसा आणि बोला: दार बंद झालं, एक आत, एक बाहेर, तर किती महिने थांबायचं? तीन? सहा? त्यानंतर कुणी कुणाकडे यायचं? आकडा ठरवा आणि मुलालाही सांगा. तो आता दहा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याला ‘पुढच्या महिन्यात बाबा येणार’ हे किती वेळा सांगितलंस, मोजलंयस?

आता बाकीचं. सासूबाई म्हणतात मुलाला इथे ठेवा. नको, एवढं सगळं वाचून तुला कळलंच असेल. त्याचं मराठी टिकेल, घरी बोललात तर.

मिक्सर ने, विजेचा दाब चालतो, प्लगचं तेवढं बघ. कुकरही ने, पण दोन रिंगा जास्तीच्या घे. वूशीत माझी फाटली तेव्हा सगळा बाजार पालथा घातला, मिळाली नाही. सांगलीहून हे घेऊन येणार होते, पुढच्या महिन्यात.