पेस्ली की अ‍ॅडम्स?

प्रश्न : उत्तर आयर्लंडमध्ये जास्त काळ पक्षाध्यक्ष कोण राहिलं, इयान पेस्ली की जेरी अ‍ॅडम्स? मित्राशी पैज लागली आहे. आणि तिथल्या लोकांना तीच तोंडं पाहून कंटाळा कसा आला नाही?

उत्तर : तुम्ही पेस्लींवर पैज लावली असेल तर जिंकलात. ब्रिटनशी जोडलेलं राहायचं म्हणणाऱ्यांचा डीयूपी हा पक्ष त्यांनी १९७१मध्ये काढला आणि मे २००८पर्यंत चालवला. म्हणजे साडेछत्तीस वर्षं. संयुक्त आयर्लंड मागणाऱ्या शिन फेनचे अ‍ॅडम्स नोव्हेंबर १९८३ ते फेब्रुवारी २०१८, सव्वाचौतीस वर्षं.

कंटाळ्याचं म्हणाल, तर मी परदेशी बातम्यांच्या टेबलावर होतो तेव्हा या दोघांचा कंटाळा आधी मला आला होता. पेस्लींची बातमी आली की मथळा ठरलेला : ‘नाही!’ १९८५च्या नोव्हेंबरात ब्रिटन-आयर्लंड करार झाला, तेव्हा बेलफास्टच्या सिटी हॉलसमोर प्रचंड गर्दीपुढे ते ‘कधीच नाही’ असं पुनःपुन्हा गरजले. मूळचे धर्मोपदेशक, स्वतःचा चर्चपंथही त्यांनीच १९५१मध्ये काढलेला. आवाज कमावलेला होता. अ‍ॅडम्सचं उलटं. १९८८ ते १९९४ ब्रिटिश टीव्हीवर त्यांचा आवाज ऐकवायलाच बंदी होती. पडद्यावर ओठ त्यांचे हलायचे आणि शब्द एखादा नट बोलायचा. बंदी घालणाऱ्यांना याचं हसू कसं आलं नाही, कोण जाणे.

पण मला वाटतं, दोघं टिकले ते एकमेकांमुळे. ‘तो समोर आहे तोवर मी हवाच,’ हे आपापल्या मतदारांना पटवायला दुसरं काही लागत नव्हतं. दोन्ही बाजूंच्या मवाळांचं काय झालं बघा. संयुक्त आयर्लंड शांततेच्या मार्गाने मागणाऱ्या एसडीएलपी पक्षाचे जॉन ह्यूम बावीस वर्षं अध्यक्ष होते, ब्रिटनशी जोडलेलं राहायचं म्हणणाऱ्या अल्स्टर युनियनिस्ट पक्षाचे डेव्हिड ट्रिम्बल दहा. १९९८चं शांततेचं नोबेल दोघांना मिळून मिळालं, आणि पुढच्या पाच वर्षांत मतं गेली शिन फेन आणि डीयूपीकडे.

२६ मार्च २००७ला स्टॉरमाँटहून, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळातून, आलेल्या फोटोत पेस्ली आणि अ‍ॅडम्स एका टेबलाच्या कोपऱ्याशी बसलेले दिसले. मी फोटोखालच्या ओळी दोनदा वाचल्या. बसण्याची मांडणी अशी, की म्हटलं तर शेजारी, म्हटलं तर समोरासमोर. हस्तांदोलन मात्र नाही. मेमध्ये दोन्ही पक्षांचं एकत्र सरकार आलं : पेस्ली फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे तिथले सरकारप्रमुख, झाले, शिन फेनचे मार्टिन मॅकगिनेस त्यांचे डेप्युटी. दोघं इतके हसायचे की लोक त्यांना ‘चकल ब्रदर्स’ (खुदखुदणारे भाऊ) म्हणू लागले. पेस्लींच्या स्वतःच्या चर्चमध्ये मात्र हे हसणं अनेकांना खुपलं. जानेवारी २००८मध्ये तिथलं प्रमुखपद सुटलं, पाठोपाठ पक्षाचं आणि सरकारमधलंही. ‘नाही’ म्हणत छत्तीस वर्षं निघाली, ‘हो’ म्हटल्यावर जेमतेम तेरा महिने.

एक सावधगिरी. मित्र हुशार असेल तर दक्षिणेकडच्या, स्वतंत्र आयर्लंडचे नेते डी व्हॅलेरा यांचं नाव काढेल. ते १९१७पासून शिन फेनचे आणि १९२६ ते १९५९ फियाना फॉल या तिथल्या पक्षाचे प्रमुख. बेरीज चाळिशीपार जाते, पण पक्ष दोन, आणि तुमची पैज दोघांपुरतीच आहे. पैसे सोडू नका.