कॅनव्हासवरची चित्रं बबल रॅप करून बॉक्स बेडमध्ये ठेवली तर चालतात का?

नाही. बॉक्स बेड गाद्या-रजयांसाठी असतो.

तुम्ही लिहिलंय की सासऱ्यांनी काढलेली वीस-पंचवीस चित्रं आहेत, संभाजीनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये तेवढ्या भिंती नाहीत, म्हणून ती बबल रॅपमध्ये 'नीट पॅक करून' बेडमध्ये आडवी रचायचा विचार आहे. शिवाय यादी कशी करावी हे विचारलंय, आणि जाता जाता नणंद काही चित्रं मागतेय पण घरातल्यांना ती एकत्रच राहावीत असं वाटतं, हेही लिहिलंय. 'नीट पॅक करून' हे शब्द मी माझ्या मोठ्या भावाच्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमचे आप्पा अंबाजोगाईला चित्रकलेचे शिक्षक होते. दिवसा शाळा, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या पोरांचे जादा तास, आणि रात्री स्वतःची चित्रं. आधी सगळे तैलरंग, निवृत्तीच्या आसपास ॲक्रिलिककडं वळले. हत्तीखान्यातले दगडी हत्ती, बुट्टेनाथची दरी, आत्याचं एक मोठं व्यक्तिचित्र. घर जुनं माळवदाचं. चित्रं माजघरात, बाहेरची भिंत सोडून आतल्या भिंतीला, खाली पाट टाकून उभी केलेली असायची. त्यांच्यावर आप्पांचंच धुतलेलं जुनं धोतर. आई आठ-पंधरा दिवसांनी धोतर झटकायची, मागची बाजू बघायची आणि परत टाकायची. कुणी प्लास्टिकचा कागद आणला की म्हणायची, "नको बाई, त्याला वारं लागू दे."

आप्पा गेल्यावर भैय्यानं सगळी चित्रं लातूरच्या घरी नेली. मी म्हटलं, निम्मी माझ्याकडं परभणीला दे, माझ्याकडं आतली कोरडी खोली आहे. तर उत्तर आलं, "बापाची वस्तू लेकाकडं राहू दे की, तुझ्या घरी कशाला?" आईनं तीन-चार छोटी चित्रं हट्टानं गावातच ठेवून घेतली. बाकीची बबल रॅपमध्ये गुंडाळून, चारी बाजूंनी टेप मारून, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आडवी, एकावर एक. आमच्याकडं मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात. पत्र्याखाली काय होत असेल ते मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

दिवाळीच्या आधी ती उघडली तेव्हा मी तिथं होते. हत्तींच्या मागचं आभाळ आप्पांनी पातळ हात देऊन देऊन चढवलेलं होतं, निळ्यात किंचित राखाडी. त्या सगळ्या आभाळावर हरभऱ्याएवढे गोल वळ ओळीनं उठले होते. प्रत्येक वळाची कड चकचकीत आणि मधला भाग मंद, उजेड तिरपा धरला की अजूनच ठळक. एका कोपऱ्यात टेप घट्ट ओढलेली होती, तिथं रंग प्लास्टिकलाच चिकटून निघाला आणि खालचा पांढरा लेप उघडा पडला. आत्याचं तैलचित्र सगळ्यात खाली होतं. वरच्या फ्रेमचा हुक तिच्या खांद्यातून आरपार, आणि मागच्या लाकडी पट्टीची सरळ रेघ पुढून उमटलेली. भैय्या म्हणाला, "पण धूळ लागली का सांग?"

तो आजही म्हणतो की रंगच हलका होता. आईकडं राहिलेल्या चित्रांत दोन ॲक्रिलिकची आहेत, त्याच वर्षातली, त्याच ट्यूबमधल्या रंगांची. त्यांच्यावर एक डाग नाही. रंग हलका असता तर तीही गेली असती.

कारण अगदी साधं आहे. ॲक्रिलिक हा मुळात प्लास्टिकसारखाच पदार्थ; उन्हाळ्यात तो मऊ पडतो आणि ज्याला टेकेल त्याला चिकटतो. वर्षानुवर्षं वाळलेलं असलं तरीही. तैलरंगाचं वेगळं. तो पाणी उडून वाळत नाही, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून जाड थराला सहा महिने ते वर्ष सहज लागतं. आणि पूर्ण अंधारात ठेवलं तर ते तेल पिवळसर होत जातं. पांढरे आणि निळे रंग आधी मळकट दिसायला लागतात. बॉक्स बेडमध्ये हे सगळंच एकत्र मिळतं: अंधार, कोंडलेली हवा, नव्या प्लायवूडमधून सुटणारी वाफ, आणि आडव्या रचलेल्या चित्रांचं एकमेकांवर ओझं.

जपायच्या नादात चित्र बिघडवणं नवीन नाही. आप्पा पोरांची सहल अजिंठ्याला न्यायचे तेव्हा हेच सांगायचे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून तज्ज्ञ बोलावले. सुटलेले पोपडे त्यांनी बसवले, ते गरजेचंच होतं. पण वरून शेलॅकचं, म्हणजे लाखेचं वार्निश दिलं. ते पुढं पिवळं पडलं आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना काढत बसावं लागलं. हेतू चांगला होता म्हणून परिणाम चांगला झाला असं होत नाही, आणि भैय्याला माझं नेमकं हेच म्हणणं आहे.

आता तुमचं. स्टोअररूम किंवा आतल्या बोळात लोखंडी अँगलचा उभा रॅक करून घ्या. लाकडी नको, आपल्याकडं वाळवी कुठून येईल सांगता येत नाही. तळ जमिनीपासून सहा इंच वर, पाठ भिंतीपासून चार बोटं पुढं, आणि ती भिंत पश्चिमेची किंवा बाथरूमला लागून असलेली नको. चित्रं उभीच ठेवा, मोठी आधी, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, मध्ये कॅनव्हासपेक्षा मोठा पुठ्ठा. टेकवताना भार लाकडी पट्ट्यांवर यायला हवा, कापडाच्या पोटावर कधीच नाही. हुक आणि तारा काढून पाकिटात घालून मागच्या पट्टीला बांधा. वरून जुनी सुती चादर टाका, पण खळ दिलेली नको, खळीला कसर लागते. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ रंगाला आणि वार्निशला मानवत नाही. वर्तमानपत्र चित्राच्या अंगाला लावूच नका. ॲक्रिलिकच्या अंगाला काही लागणारच असेल तर केकच्या दुकानात मिळणारा सिलिकॉनचा बेकिंग पेपर लावा, त्याला रंग चिकटत नाही.

कूलरबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत कॅनव्हास ठेवू नका. दिवसभर ओली हवा लागून कापड आणि लाकूड फुगतं, रात्री कूलर बंद झाला की आक्रसतं. रोजचं असं ताणणं-सैल होणं सुरू झालं की वरचा रंग तडकतो. नुसत्या उष्म्यापेक्षा ही रोजची चढउतार वाईट. माळवदाच्या घरात जाड मातीच्या भिंतींमुळं आतला उष्मा आणि ओलावा फारसा वरखाली व्हायचा नाही, आईची चित्रं टिकली ती त्यामुळं. पावसाळ्यात मात्र महिन्यातून एकदा मागची बाजू बघाच. राखाडी बुरशी दिसली तर ते चित्र वेगळं करून बाहेर सावलीत न्या, स्वतःच्या तोंडाला फडकं बांधा आणि कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही.

यादीचं थोडक्यात. प्रत्येक चित्राला एक नंबर, तो पेन्सिलीनं मागच्या लाकडी पट्टीवर. कापडावर मार्करनं लिहिलं तर पुढून उमटतं. पुढचा आणि मागचा फोटो, माप, माध्यम, साल, कशी अवस्था आहे आणि कुणाकडं आहे, एवढं वहीत. फोटो दोन घरांत ठेवा. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं अजिंठ्यात वर्षानुवर्षं राहून तिथल्या भिंतींवरच्या चित्रांच्या कॅनव्हासवर प्रती केल्या, त्या १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या. मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्सनं मुंबईच्या आर्ट स्कूलची मुलं घेऊन पुन्हा केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. सगळं एका छपराखाली ठेवल्यानं काय होतं ते दोनदा दिसलं. तुमचा रॅकही मीटर आणि इन्व्हर्टरपासून लांब असू द्या.

काही गोष्टी राहिल्या. बबल रॅप एका दिवसाच्या प्रवासाला चालतो, पण आत कागद आणि फुगे बाहेरच्या बाजूला. छत गळत असेल तर प्लास्टिक रॅकच्या वर छपरासारखं ताणा, चित्राभोवती गुंडाळू नका. कागदावरची जलरंगातली चित्रं आडवीच ठेवतात, ती फोल्डरमध्ये घालून बॉक्स बेडमध्ये ठेवलीत तरी माझी हरकत नाही, फक्त पावसाळ्यात उघडत राहा. जागा अगदीच नसेल तर मोठा कॅनव्हास पट्ट्यांवरून उतरवून गुंडाळता येतो, निदान सहा इंच व्यासाच्या नळीवर आणि रंग बाहेरच्या अंगाला ठेवून. पण जुन्या, तडे गेलेल्या तैलचित्राला हे करू नका. काही आधीच चिकटलेलं असेल तर ओढू नका, तसंच ठेवून मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन विभागात विचारा.

आणि नणंदेचं. द्या तिला. चित्रं एकत्र राहावीत म्हणजे ती एका घरात कोंबावीत असं नाही. वहीत एकत्र असली की एकत्रच असतात. बापाची चित्रं लेकाकडंच राहावीत हा नियम चित्रं जपणाऱ्यानं केलेला नाही. ज्याच्याकडं आतली कोरडी खोली आहे आणि जो महिन्यातून एकदा मागची बाजू बघेल, त्याच्याकडं ती जावीत. मुलगा असो की मुलगी. आत्याचं चित्र आता माझ्याकडं आहे, भोकासकट, आणि ते लातूरला परत जाणार नाही. तुमच्या नणंदेच्या घरी तशी खोली असेल तर तैलरंगातली मोठी आधी तिला द्या, कारण फ्लॅटमध्ये तीच तुम्हाला सांभाळता येणार नाहीत. वहीत तिच्या नावापुढं नंबर लिहून दोघींनी सह्या करा, आणि पोहोचल्या दिवशीच रॅप काढायला सांगा.