बार्लीवाइन मध्येच अडली

प्रश्न : मी न्यू जर्सीत घरी बिअर करतो. यंदा पहिल्यांदाच बार्लीवाइन, म्हणजे वाइनइतकी कडक बिअर, लावली. १९ लिटर, यीस्टचं एक पाकीट, सुरुवातीची घनता १.१२०. गेले तीन आठवडे हायड्रोमीटर (घनता मोजायची नळी) १.०४५ वरून हलत नाही. चव काकवीसारखी गोड. बाटल्या भरून टाकू का?

उत्तर : मुळीच भरू नका. अर्धवट आंबलेली बिअर बाटलीत पुन्हा जागी होते आणि वायू कोंडतो. माझ्या पहिल्या खेपेच्या चार बाटल्या तळघरात फुटल्या. काचा छताच्या लाकडात रुतल्या होत्या. त्या वेळी तिथे कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

तुमचे आकडे पाहता अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास पोचलंय. यीस्ट दमतं ते इथेच. आधी इतक्या गोड काढ्यात (माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, न आंबलेला रस) त्याच्या अंगातलं पाणी ओढलं जातं, मग त्यानंच केलेलं अल्कोहोल त्याला बाधतं. त्यात तुमचं पाकीट एकच. हंडाभर दुधाला चमचाभर विरजण कसं पुरेल? तीन तरी हवी होती, आणि यीस्ट घालताना काढा खळखळून ढवळायला हवा होता. आता मात्र अजिबात ढवळू नका. या टप्प्यावर हवा लागली की बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास धरतो.

लिटरभर पातळ माल्टच्या काढ्यात जास्त अल्कोहोल सोसणारं ताजं यीस्ट लावा. फेस ऐन भरात आला की तसंच अलगद फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) ओता, आणि फर्मेंटर २० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा. कोरडं यीस्ट वरून भुरभुरून उपयोग नाही, ते आत पडताच मरगळतं. घनता १.०३० पर्यंत उतरली तरी बारा टक्के झाली, आणि बार्लीवाइनला तेवढा गोडवा शोभतो.

मग थांबा. ऑस्ट्रियातली १४ टक्क्यांची सामिक्लाउस ही बिअर वर्षातून एकदाच, ६ डिसेंबरला लावतात आणि दहा महिने मुरवतात. नवी बार्लीवाइन घशाला जाळते; मुरली की खारीक, मनुका, जळक्या साखरेचा वास येतो.

फ्रीजमधून काढून लगेच पिऊ नका, गारठ्यात हे सगळं झाकलं जातं. १२-१३ अंशांना, छोट्या गोल ग्लासात, शंभर मिली. बोस्टनच्या सॅम्युअल अ‍ॅडम्सची युटोपियाज ही बिअर तर ३० टक्क्यांपर्यंत जाते. तिला फेसच नसतो. मी ती ६० मिली घेऊन तासभर पुरवतो.

बाटल्या भरताना फेसासाठी चिमूटभर ताजं यीस्ट घाला, जुनं तोवर थकलेलं असतं. पहिली बाटली पुढच्या दिवाळीला उघडा.