रिलीज अडवणारा प्रोग्राम लिहायचा, हे करिअर होऊ शकते का?

पत्र थोडक्यात असे: “मुलगी सांगलीत कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका कंपनीत सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळते आहे, पण डेव्हलपर म्हणून नाही. सॉफ्टवेअरचे नवे व्हर्जन लोकांपर्यंत सोडायचे की नाही हे आपोआप ठरवणारी यंत्रणा ती टीम बनवते म्हणे. मला हे टेस्टिंगच वाटते. आणि सगळे आपोआप होणार असेल तर पुढे माणूस कशाला लागेल? शिवाय ‘ऑन-कॉल’ म्हणजे रात्रीचे काम असते असे ऐकले. मी सहकारी बँकेतून पासिंग ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आहे. हो म्हणावे का?”

नमस्कार.

माझे मत विचाराल तर हो म्हणावे. मात्र त्याआधी कंपनीला काही प्रश्न विचारायला हवेत, ते शेवटी लिहिते.

बँकेत एकाने व्हाउचर करायचे आणि दुसऱ्याने पाहून पास करायचे, यात तुमची नोकरी गेली. ही शिस्त नसली की सॉफ्टवेअरमध्ये काय होते, याचे एक उदाहरण सांगते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने 2012 मध्ये आठ सर्व्हरवर नवा कोड टाकायला घेतला, त्यातला एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या कुणी तपासले नाही. तपासावे असा लेखी नियमही नव्हता. 1 ऑगस्टला बाजार उघडला आणि त्या एका सर्व्हरवरचा, वर्षानुवर्षे वापरात नसलेला जुना कोड चालू होऊन ऑर्डरी सुटत राहिल्या. सुमारे 45 मिनिटांत 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती अमेरिकी बाजार नियामकाच्या आदेशातली एक नोंद: बाजार उघडण्यापूर्वीच कंपनीच्या सिस्टीमने या चुकीचा उल्लेख असलेले 97 ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते इशारा म्हणून बनवलेले नव्हते, त्यामुळे कुणी ते पाहून काही केले नाही. माहिती होती, पण त्या माहितीवरून काम थांबवणारे कुणी नव्हते.

तुमच्या मुलीची टीम नेमकी ही जागा भरते.

ती कशी, तेही सांगते. आधी सेवेचे लक्ष्य ठरवतात, त्याला एसएलओ म्हणतात. समजा पैसे पाठवण्याच्या एका सेवेसाठी ठरले की 30 दिवसांत 99.9 टक्के विनंत्या यशस्वी व्हायला हव्यात. उरलेला 0.1 टक्का हे ‘एरर बजेट’. सेवा पूर्ण बंद पडली असे धरले तर ते महिन्याला सुमारे 43 मिनिटे भरते, लक्ष्य 99.99 केले तर जेमतेम सव्वाचार मिनिटे. आता नवे व्हर्जन तयार झाले की ते आधी चाचणीच्या सर्व्हरवर लोड देऊन, म्हणजे एकदम भरपूर विनंत्या पाठवून, तपासतात आणि मग थोड्याच, उदाहरणार्थ 5 टक्के, ग्राहकांना देतात. किती विनंत्या फसल्या, उत्तराला किती वेळ लागला, हे आकडे प्रोग्राम स्वतः गोळा करतो, लक्ष्याशी ताडतो, आणि पुढे जायचे की जुन्या व्हर्जनवर परत यायचे हे ठरवतो. बजेट संपत आले असेल तर काही कंपन्या नवे फीचर सोडणेच थांबवतात. सेवा भरवशाची ठेवण्याच्या या कामाला ‘साइट रिलायबिलिटी इंजिनीअरिंग’ (एसआरई) म्हणतात, आणि त्याची सुरुवात 2003 मध्ये गूगलमध्ये बेन ट्रेनर स्लॉस यांच्या टीमने केली. नेटफ्लिक्स आणि गूगलने मिळून केलेले ‘कायेन्टा’ हे अशा आपोआप तुलनेचे साधन 2018 पासून सर्वांना मोफत खुले आहे.

म्हणजे साधने तयार आहेत. मग माणूस कशाला, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी आकड्यांनीच देते.

समजा नव्या व्हर्जनला दहा मिनिटांत 200 विनंत्या मिळाल्या. त्यातली एक जरी फसली, तरी यश 99.5 टक्क्यांवर येते आणि 99.9 चे लक्ष्य चुकते. यंत्र रिलीज अडवणार. पण ती एक चूक कुणाच्या मोबाइलची रेंज गेल्यामुळेही झालेली असू शकते. उलट, एकही फसली नाही, तर व्हर्जन चांगले आहे असे सिद्ध होते का? तेही नाही, कारण हजारात एक चूक चालते म्हटल्यावर 200 मध्ये शून्य चूक दिसणे हे वाईट व्हर्जनलाही सहज जमते. म्हणून किती वेळ थांबायचे, किमान किती विनंत्या आल्याशिवाय निर्णयच द्यायचा नाही, हे कुणीतरी विचारपूर्वक ठरवावे लागते. तुलना कशाशी करायची हाही प्रश्न असतो. जुने सर्व्हर कित्येक दिवस चालून ‘गरम’ झालेले असतात, त्यांच्या कॅशमध्ये, म्हणजे वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवण्याच्या जागेत, माहिती भरलेली असते. नवा सर्व्हर त्यांच्यापुढे सुरुवातीला हळूच वाटणार. त्यामुळे जुन्याच व्हर्जनचा एक ताजा सर्व्हर मुद्दाम उभा करून त्याच्याशी तुलना करतात. आणि सरासरीवर विसंबायचे नाही, हे तर पहिल्याच आठवड्यात शिकायचे. सरासरी वेळ छान दिसतो आणि शंभरातले पाच ग्राहक आठ-आठ सेकंद ताटकळत असतात.

हे सगळे निर्णय प्रोग्रामिंग, थोडे संख्याशास्त्र आणि ग्राहकाला काय सोसावे लागते याची जाण, या तिन्हींतून येतात. लिहिलेल्या पायऱ्या एकेक करून क्लिक करत जाणारे मॅन्युअल टेस्टिंग कमी होत चालले आहे, तुमची काळजी तिथवर खरी आहे. पण पायऱ्या पाळणारा आणि निकष ठरवणारा यांत फरक आहे. एआयच्या मदतीने कोड आता भराभर लिहिला जातो. जितके बदल जास्त, तितकी ते अडवण्या-सोडण्याची यंत्रणा अधिक भरवशाची लागणार, असे मी मानते.

बँकेचे तुम्हाला वेगळे सांगायला नको. 24 एप्रिल 2024 रोजी रिझर्व्ह बँकेने कोटक महिंद्रा बँकेला ऑनलाइन आणि मोबाइलवरून नवे ग्राहक घेण्यास व नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली. आयटी व्यवस्थेतल्या ज्या त्रुटी दाखवल्या, त्यांत पॅच (सॉफ्टवेअरच्या दुरुस्त्या) आणि बदलांचे व्यवस्थापन हाही मुद्दा होता. बंदी उठायला फेब्रुवारी 2025 उजाडला. सॉफ्टवेअरमधले बदल कसे सोडले जातात, हा विषय आपल्याकडे थेट नियामकाच्या टेबलावर आलेला आहे.

रात्रीच्या कामाबद्दल. ऑन-कॉल म्हणजे रोजची रात्रपाळी नव्हे. टीममधले लोक आळीपाळीने, बहुधा आठवड्याच्या पाळीने, फोन जवळ ठेवतात. काही बिघडले तर घरूनच लॅपटॉपवर पाहतात. चांगल्या टीममध्ये इंटर्नला एकटीने ही पाळी देत नाहीत. पण जिथे यंत्रणा कच्ची असते तिथे फोन रात्रभर वाजतो आणि माणसे थकून नोकरी सोडतात, हेही तितकेच खरे. या बाबतीत मुलगी काय म्हणते ते आधी ऐका. ताण तिला सोसायचा आहे, तेव्हा निर्णयही तिचाच असावा.

आता थोडे तिच्यासाठी लिहिते, हे तिला वाचायला द्या.

इंटर्नशिप सुरू होईपर्यंत महागडा कोर्स लावू नकोस. पायथनमध्ये एक छोटी सेवा लिही, दोन-तीन एपीआय पुरेत. प्रोमीथियस हे मोजमापाचे साधन लावून तिचे आकडे गोळा कर. के6 हे लोड देण्याचे साधन घे. त्यात ‘95 टक्के विनंत्यांना 500 मिलिसेकंदांच्या आत उत्तर मिळाले पाहिजे’ अशी अट लिहिता येते, आणि अट मोडली की के6 अपयशाचा कोड देऊन बाहेर पडते, म्हणजे गिटहब ॲक्शन्सची पाइपलाइन (कोड आपोआप तपासून पुढे नेणाऱ्या पायऱ्यांची साखळी) तिथेच थांबते. हे सगळे मोफत सुरू करता येते आणि साधा लॅपटॉप पुरतो. कुबरनेटिसच्या, म्हणजे अनेक सर्व्हरवर सेवा चालवण्याच्या मोठ्या यंत्रणेच्या, नादी आत्ताच लागू नकोस. मग सेवेत मुद्दाम बिघाड घाल: दर पन्नासाव्या विनंतीला दोन सेकंद उशीर. तुझी अट तो पकडते का? दोन टक्केच विनंत्या हळू झाल्या, त्यामुळे 95 टक्क्यांची अट बहुधा निमूट पास होईल. 99 टक्क्यांची लाव आणि काय होते पाहा. कोणता बिघाड सुटला आणि का, हे दोन पाने लिहून ठेव. मुलाखतीत दहा सर्टिफिकेटांपेक्षा ती दोन पाने जास्त बोलतील. संख्याशास्त्राचा दुसऱ्या वर्षाचा पेपर पुन्हा काढ, विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल) आणि नमुन्याचा आकार एवढे तरी नीट कर.

गूगलने या विषयावरची आपली पुस्तके ऑनलाइन मोफत ठेवली आहेत. त्यांतले एरर बजेटवरचे प्रकरण आधी वाच.

पुन्हा तुमच्याकडे येते. कंपनीला विचारायचे प्रश्न असे: इंटर्न कोड लिहिणार की फक्त डॅशबोर्ड, म्हणजे आकडे दाखवणारा स्क्रीन, पाहणार? लक्ष्ये कोण ठरवते, आणि त्या चर्चेला ज्युनिअर माणसाला बसू देतात का? यंत्राने अडवलेले रिलीज एखादा मॅनेजर ‘आज जाऊ द्या’ म्हणून सोडू शकतो का, आणि तसे सोडले तर त्याची नोंद राहते का? या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर ती टीम कागदावरच आहे असे समजा. इंटर्नला ऑन-कॉलमध्ये कधी आणि कुणाबरोबर घेतात? सहा महिन्यांनी कायम केले तर पद कोणते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘फक्त डॅशबोर्ड’ असेल, तर पुण्याचे आकर्षण बाजूला ठेवून नकार द्या. बाकी ठीक असेल तर पाठवा. हे प्रश्न तुम्ही फोन करून विचारू नका, तिलाच तिच्या होणाऱ्या मॅनेजरला मेल करू द्या. ऑन-कॉल आणि पदाबद्दलची उत्तरे ऑफर लेटरमध्ये किंवा निदान मेलवर तरी लेखी घ्यायला सांगा.