एकटीने बाहेर पडू का? वाचकांचे प्रश्न, उत्तरांसह

प्रश्न : माझं वय ६८, निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या वर्षी अल्झायमरचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका आजाराचं, निदान झालं. डॉक्टर म्हणतात, सुरुवातीची अवस्था आहे. वाचनालयात मी रोज एकटी चालत जाते आणि अधूनमधून रेल्वेने बहिणीकडे. मागे एकदा रस्ता खोदला होता म्हणून शेजारच्या गल्लीतून वळावं लागलं आणि मला कुठलीच दिशा कळेना. खूप वेळ चालत राहिले. तेव्हापासून मुलगा आणि सून म्हणतात, आता एकटीने उंबरठा ओलांडायचा नाही. त्यांची काळजी मला कळते, पण घरात कोंडून बसणं जमणार नाही. काय करू?

उत्तर : ताई, हे पत्र तुम्ही स्वतः लिहिलंत, हे मला फार आवडलं. या विषयावरची बहुतेक पत्रं मुलांची असतात, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांचं म्हणणं काय, ते शेवटपर्यंत कळत नाही.

तुमच्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य आहे, ‘रस्ता खोदला होता’. रोजची वाट तुम्ही चुकला नाहीत, ती बंद झाली तेव्हा चुकलात. पायाखालची वाट सवयीने चालली जाते. वळण आलं की पाय आपणहून वळतात. वाट बंद झाली की मात्र मनातला नकाशा उघडावा लागतो, आणि ते काम मेंदूचा दुसरा भाग करतो. शास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात अशा पेशी सापडल्या, ज्या उंदीर एका ठरावीक जागी आला की जाग्या होतात. मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी २००५ मध्ये त्याला लागूनच असलेल्या भागात जागेची मोजपट्टी ठेवणाऱ्या पेशी दाखवल्या. तिघांना २०१४चं नोबेल मिळालं. अल्झायमर बहुधा नेमका या लागून असलेल्या भागातून शिरतो. म्हणून गप्पांमध्ये चोख असलेला माणूसही अनोळखी वळणावर गडबडतो. घरच्यांना हे समजावून सांगा, कारण ‘रस्ता चुकली म्हणजे सगळंच गेलं’ असं त्यांना वाटत असणार.

आता कामाचं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारातही रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी तज्ज्ञ, म्हणून मी ‘एकटं जायचं की नाही’ असं विचारतच नाही. वाटेत ठरवावं कुठे लागतं, ते मोजते. सरळ रस्ता कितीही लांब असो, त्रास देत नाही. त्रास देतात चौक, जिने, दोन-तीन दारं असलेल्या इमारती, गाडी बदलण्याच्या जागा. तुमच्या वाटेवरच्या अशा प्रत्येक जागी उभ्या राहा आणि फोटो काढा, जाताना दिसते तशी आणि परत येताना दिसते तशीही. परतीचे फोटो कुणी काढत नाही. पण उलट्या बाजूने तोच चौक अगदी परका दिसतो, आणि माणसं हरवतात ती बरेचदा परततानाच. खूण न हलणारी निवडा. उभी केलेली गाडी किंवा जाहिरातीचा फलक उद्या नसेल. पूल, मनोरा, मोठं झाड असेल. फोटो छापून छोट्या वहीत क्रमाने चिकटवा. फोनमधला हलता नकाशा माझ्या अनुभवात फारसा उपयोगी पडत नाही, कारण तो सतत मनातल्या मनात फिरवावा लागतो, आणि अवघड जातं ते नेमकं तेच.

मग मुलाला बरोबर घेऊन त्या वाटेने जा. शेजारी नको, त्याने मागे चालायचं आणि तोंड बंद ठेवायचं. (मुलांना हे फार जड जातं.) तुम्ही कुठे थबकलात, कुठे चुकलात आणि स्वतःच सावरलात, एवढंच त्याने टिपून ठेवायचं. घरी बसून केलेल्या वादापेक्षा हा कागद दोघांच्याही कामी येतो. काही महिन्यांनी पुन्हा करा; औषध बदललं किंवा ताप, लघवीचा संसर्ग असं काही होऊन गेलं, तर लगेच करा. एखाद्या साध्या संसर्गानेही दिशाभान एकाएकी बिघडतं आणि उपचारांनंतर पुष्कळदा सावरतं.

वाट चुकलीच तर काय करायचं, हे आधी पाठ करा. तुम्ही त्या दिवशी चालत राहिलात. सगळे तेच करतात आणि घाबरून वेग वाढवतात, त्यामुळे ओळखीची जागा आणखी लांब जाते. थांबायचं. भिंतीला पाठ लावायची. वही उघडायची. तरी उमगलं नाही तर काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाकडे जायचं, रस्त्यावरच्या घाईतल्या माणसाकडे नाही. म्हणायचं, ‘मला स्मृतिभ्रंश आहे. मला इथे जायचंय. फक्त पुढचं एक वळण सांगा.’ पुढचं एकच! लोक प्रेमाने सगळा रस्ता सांगू लागतात आणि तिसऱ्या वळणापाशी आपण पहिलं विसरलेलो असतो. पर्समध्ये एक कार्ड ठेवा: नाव, दोन फोन नंबर आणि हेच वाक्य. घराचा पत्ता त्यावर नको. पर्स कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

रेल्वेचा प्रवास मला रस्त्यापेक्षा सोपा वाटतो. थेट गाडी, दिवसाची, शक्यतो नेहमी तीच. संध्याकाळी अनेकांचा गोंधळ वाढतो, म्हणून अंधार पडायच्या आत पोहोचाल असं बघा. गजर उतरायच्या स्टेशनचा लावू नका, त्याच्या आधीच्या स्टेशनचा लावा. बहिणीला डब्याचा क्रमांक कळवा. तिने स्टेशनच्या बाहेर थांबायचं नाही, डब्याच्या दारापाशी यायचं. सामान एकच, अंगावर अडकवता येईल असं. स्वच्छतागृहात शिरताना क्षणभर मागे वळून बघा, बाहेर आल्यावर काय दिसणार आहे ते. आत-बाहेर दोन दारं असतील तर हमखास फसगत होते. फसण्याच्या भीतीने काहीजण प्रवासात पाणीच पीत नाहीत आणि त्याने डोकं आणखी गोंधळतं. दारातलं गडद पायपुसणं खड्ड्यासारखं किंवा चकचकीत फरशी ओली वाटली, तर दचकू नका. डोळ्यांचा नंबर वाढला असं नाही, मेंदू चित्र चुकीचं लावतोय. क्षणभर थांबा आणि कठडा धरून चाला.

आणि एक अवघड गोष्ट, आत्ताच करायची. एकटीने जाणं कधी थांबवायचं, ते तुम्ही स्वतः लिहून ठेवा. माझ्या मते पहिली कसोटी रस्ता ओलांडणं ही असावी: येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज चुकायला लागला की एकटीने रस्ता ओलांडणं बंद, मग वाट कितीही ओळखीची असो. तुमच्या अक्षरातला हा कागद असेल तर मुलगा-सून आज जरा निश्चिंत होतील.

प्रश्न : वडिलांना स्मृतिभ्रंश आहे, तरी ते रोज फिरायला जातात. त्यांच्या बुटात त्यांना न सांगता ट्रॅकर बसवू का? सांगितलं तर चिडतील.

उत्तर : सांगून बसवा. चिडू देत. लपवलेली वस्तू एक दिवस सापडते, मग ते फोनही घरी ठेवून जातील. ‘बाबा, तुम्हाला अडवायला नको म्हणून हे’ असं म्हणून बघा. ते खरंही आहे. ट्रॅकर जागा दाखवतो, पण बाबांना रस्ता सांगत नाही, आणि चार्जिंग संपलं की तेही नाही. म्हणून त्यांच्या फोनच्या लॉक स्क्रीनवरून कुलूप न उघडता तुमचा नंबर दिसेल, अशी सोय आजच करा.

त्याहून उपयोगी आहे एक कागद. इंग्लंडमध्ये पोलिसांनी ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाचा फॉर्म केला आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत उतरलेल्या आणि पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या जॉर्ज हर्बर्ट या सैनिकाचं नाव त्याला दिलंय. घरच्यांनी तो आधीच भरून ठेवायचा: अलीकडचा फोटो, औषधं, नेहमीच्या जागा, आणि मुख्य म्हणजे जुने पत्ते आणि जुनी नोकरीची ठिकाणं. हरवलेली माणसं अनेकदा जुन्या घराकडे किंवा ऑफिसकडे निघालेली असतात. असा कागद कुणीही, कुठेही करू शकतो. जुन्या पत्त्यांची यादी बाबांकडूनच काढून घ्या.

विमानाने जाणार असाल तर मदतीची विनंती निदान ४८ तास आधी नोंदवा. सूर्यफुलांची चित्रं असलेली, गळ्यात घालायची हिरवी फीतही विचारून बघा. न दिसणारी अडचण असलेल्यांसाठी ती २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. आता जगातल्या अनेक विमानतळांवर ओळखतात. मात्र घालायची की नाही, ते बाबांनी ठरवायचं. ‘मला असा शिक्का नको’ म्हणणारेही असतात, आणि त्यांचं चूक नाही.

प्रश्न : सासऱ्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालंय, पण गाडीची किल्ली सोडत नाहीत. त्यांना कसं सांगायचं?

उत्तर : तुम्ही सांगू नका, डॉक्टरांना सांगू द्या. निदान झालं म्हणजे त्याच दिवशी गाडी बंद, असं सगळीकडे नसतं. परवान्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत. प्रत्यक्ष रस्त्यावर तज्ज्ञाने घेतलेली चाचणी हा चांगला मार्ग, आणि ती ठरावीक काळाने पुन्हा घ्यावी लागते. ओरखडे वाढले, ओळखीच्या रस्त्यावर हॉर्न ऐकावे लागले, ब्रेक उशिरा लागू लागला, तर चाचणीची वाट न बघता किल्ली बाजूला ठेवा. पण त्याआधी ते गाडीने नेमके कुठे कुठे जातात याची यादी करा आणि त्यातल्या प्रत्येक ठिकाणी गाडीशिवाय कसं पोहोचता येईल, ते त्यांच्याबरोबर बसून ठरवा.